लोटा राहू द्या

मिस्त्री नावेत कधीच बसले नाहीत. पैनगंगेच्या त्या घाटावर मी चार वर्षं होतो. ती चारही वर्षं नावेच्या इंजिनाचा प्रत्येक नटबोल्ट त्यांच्या हाताखालून गेला, पण नाव पाण्यात गेली की हे काठावर. लोक म्हणत, पाण्याला भितात. नाव चालवणारा किसन भोई तर तोंडावर म्हणायचा, "मिस्त्री, तुमी हकिमासारखे हा. दुसऱ्याले कडू पाजता, सोता चाखत नाही."

मिस्त्री रागावत नसत. "अंदर बसलं का नुसता थरथराट," ते म्हणायचे. "काठावरून आवाज साफ येते. दुखनं पोटात असते किसन, पन पोटात बसून हकिमाले समजते काय?"

आणि खरोखरच, नाव सुटली की ते नदीकडे पाठ करून उभे राहत. तोंड उमरखेडच्या रस्त्याकडे, हात मागे बांधलेले, मान थोडी डावीकडे कललेली. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा एका जमादारानं विडीसाठी काडी मागितली, तर त्याच्या तोंडावर चक्क हात ठेवला. नाव पलीकडे लागून इंजिन बंद झालं, की मग वळायचे आणि म्हणायचे, "हं, बोला आता."

त्यांची सख्खी बहीण पलीकडे हदगावला दिलेली होती. हिवाळ्यात नदीला उतार पडला की ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, चपला हातात घेऊन पाण्यातून चालत बहिणीकडे जात. पावसाळ्याचे चार महिने भेट नाही. ज्या नावेतून सारा मुलूख इकडचा तिकडे होई, त्या नावेतून हा माणूस बहिणीलासुद्धा भेटायला गेला नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. यवतमाळला मॅट्रिक होऊन खात्यात कारकून म्हणून लागलो आणि पहिलीच नेमणूक या घाटावर झाली. पलीकडे पूर्वी निजामाचं राज्य होतं. आता सगळं एकाच राज्यात आलं होतं आणि माणसांची ये-जा वाढली होती, म्हणून सरकारनं इथं इंजिनाची नाव दिली होती. घाटावर एक टिनाचं गोदाम, एक माझी खोली, एक बाभूळ. गोदामाची किल्ली माझ्याकडे. तेलाची पिंपं माझ्या ताब्यात. मिस्त्री रोज उमरखेडहून सायकलवर येत आणि दिवस मावळायच्या आत परत जात. मला ते "बाबू" म्हणायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे होते, तरी "तुमी" म्हणायचे.

जुनं इंजिन घासलेटवर चालायचं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की घासलेटवर टाकायचं. त्या घासलेटासाठी मिस्त्रींनी एक टोपी राखली होती. कुण्या गोऱ्या अधिकाऱ्याची जाड लोकरी फेल्टची टोपी, कुठून मिळाली देव जाणे. ती उलटी धरून तिच्यातून ते तेल गाळायचे. त्या फेल्टमधून तेल खाली उतरतं आणि पाणी वर राहतं. एक डबा गाळायला अर्धा तास लागे. त्यांचे दोन नियम होते. टोपीतून गाळल्याशिवाय टाकीत थेंब टाकायचा नाही. आणि पिंपाच्या बुडातलं चार बोटं तेल कधी वापरायचं नाही. "चार बोटं नदीची," असं ते म्हणायचे. ते उरलेलं तेल बाभळीखाली ओतून टाकायचे. मला ती निव्वळ नासाडी वाटे.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, निदान मराठी तरी नाही. सगळा हिशोब गोदामाच्या भिंतीवर कोळशानं. कुठली नळी कुठून निघते, कुठल्या चाकाला किती दात, सगळं भिंतीवर. साहेबांची तपासणी आली की मी भिंतीला चुना मारून घेई. दुसऱ्या दिवशी मिस्त्री तेच चित्र पुन्हा काढत. एकदा मी चिडलो तर म्हणाले, "चुना मारला ते बरंच हाय. दर टायमाले काढतो तवा एखादी चूक सापडते."

त्या दिवसाबद्दल मी फार लोकांशी बोललेलो नाही. आता बोलून कुणाचं भलं होईल असंही नाही. पण मिस्त्रींबद्दल सांगायचं आणि तो दिवस वगळायचा, हे जमत नाही.

श्रावण होता, शुक्रवार होता. शुक्रवारी मिस्त्री दुपारच्या नमाजासाठी गावातच थांबत. दुसऱ्या दिवशी गोदामाची तपासणी होती आणि एका पिंपाच्या तळाशी डबाभर तेल उरलेलं होतं. रिकामी पिंपं रिकामी दिसली पाहिजेत, असा साहेबांचा हट्ट. ते पिंप कित्येक दिवस बाहेर उभं होतं, आठवडाभर त्याच्या झाकणावर पाणी साचत होतं. मी ते पाहत होतो. सकाळी मी उरलेलं सगळं तेल, बुडातलं चार बोटं धरून, डब्यात घेतलं आणि नावेच्या टाकीत ओतलं. टोपी मिस्त्रींच्या पेटीत होती. पेटीला कुलूप नव्हतं. मी ती उघडली नाही. अर्धा तास कोण बसतो, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही नाही.

दुपारी पलीकडून हाका आल्या. किसन धावत आला. "बाबू, तांड्यावरची बाई अडली हाय. दोन दिवस झाले म्हनते. नाव सोडतो."

नाव गेली तेव्हा इंजिन ठीक चाललं होतं. येताना, ऐन धारेत, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी काठावरून पाहत होतो. किसननं वेळू टाकला, पण पुरात तळ लागेना. नाव आडवी झाली आणि वाहू लागली. आत दहा-बारा माणसं होती, एका बाजेवर ती बाई, तिच्या डोक्याशी तिचा नवरा फुलसिंग. आवाज फक्त एका म्हातारीचा येत होता. 

तेवढ्यात मिस्त्री आले. सायकल त्यांनी कुठं टाकली ते मला दिसलं नाही. ते काठाकाठानं नावेबरोबर पळत सुटले. काट्यांतून, चिखलातून, पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस. "किसन, टाकीचा कॉक खोल! खालचं तेल जाऊ दे! जाऊ दे!" असं ओरडत होते. पाण्याच्या आवाजात किसनला ते ऐकू गेलं नाही. दोन मैल खाली नाव बाभळीच्या बनात अडकली. दोर टाकून माणसं काढायला दोन-अडीच तास लागले. बाईला गाडीत घालून उमरखेडच्या दवाखान्याकडे नेलं. अर्ध्या रस्त्यातच ती गेली. पोटातलं मूलही गेलं. तिचं नाव मला नंतर चौकशीच्या कागदावर कळलं. झुमली.

चौकशी गोदामात झाली. साहेब खुर्चीवर, मिस्त्री उभे, आणि जबाब लिहून घ्यायला मी. टाकीतून काढलेलं तेल एका बाटलीत ठेवलेलं होतं. खाली दोन बोटं पाणी स्पष्ट दिसत होतं.

"हे पाणी टाकीत कसं गेलं?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी बाटलीकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मला आठवतं, त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

"टाकी माह्या ताब्यात असते साहेब," ते म्हणाले. "सुक्कुरवारी मी गावातच होतो. नाव सुटाच्या पयले येऊन कॉक खोलून पाह्याले पाह्यजे होतं. नाही पाह्यलं. चूक माही हाय."

"तेल कोणी भरलं?"

"टाकी माही हाय, साहेब."

साहेबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'चूक माझी आहे.' मिस्त्रींनी खाली अंगठा उमटवला. शाईची डबी मीच पुढे केली होती. त्यांना कायम करण्याचा कागद वर गेलेला होता, तो त्या महिन्यात परत आला. ते रोजंदारीवरच राहिले, शेवटपर्यंत.

दिवाळीनंतर नवं इंजिन आलं. डिझेलचं. पेट्या बैलगाडीतून घाटावर उतरल्या. नदी आटली, नाव वाळूवर ओढून लाकडी ओंडक्यांवर चढवली आणि मिस्त्रींनी तो हिवाळा तिच्या पोटात घालवला. पाण्यावरच्या नावेत न बसणारा माणूस वाळूवरच्या नावेतून उतरेना. थंडी त्या वर्षी कडक होती. ते सकाळी येत तेव्हा मफलरवर दहिवर असे. जुनं इंजिन काढलं. त्याच्या बैठकीची लाकडं तेल पिऊन कुजली होती, ती फेकून सागाची नवी बसवली. नवं इंजिन वजनदार, जुन्यापेक्षा दुप्पट हादरे देणारं. ते बैठकीवर ठेवून मागच्या पंख्याच्या दांड्याशी एका रेषेत आणायला त्यांना नऊ दिवस लागले. इंजिन आणि दांडा जोडणाऱ्या दोन चकत्यांच्या मध्ये विडीच्या बंडलाचा कागद सरकवून पाहायचे. वर सैल, खाली घट्ट, की पुन्हा बोल्ट ढिले करायचे, पुन्हा पातळ पत्रा घालायचा. मी म्हणालो, "मिस्त्री, केसाएवढा फरक आहे."

"केस जेवनात निंगाला त चालते काय बाबू?"

पण इंजिनापेक्षा त्यांचं सगळं ध्यान टाकीवर होतं. इंजिनासोबत आलेली टाकी त्यांनी बाजूला ठेवली आणि उमरखेडला स्वतः बसून दुसरी करून आणली. तिचं बूड उतरतं होतं, एका कोपऱ्यात खोलगट, आणि त्या कोपऱ्यात पाणी सोडायचा कॉक. इंजिनाकडे जाणारी नळी बुडाला लावलीच नव्हती. ती चार बोटं वर लावली होती. तांब्याच्या नळ्या विस्तवावर लाल करून पाण्यात बुडवायचे, म्हणजे तांबं मऊ पडतं, आणि मग गुडघ्यावर घेऊन हळूहळू वाकवायचे. इंजिनासोबत तेल गाळायचा एक डबा आलेला होता. त्याच्या आधी त्यांनी स्वतःचा एक जोडला. तो होता पितळी लोटा. खरोखरचा, घरातला, पाणी प्यायचा. त्याचं तोंड झाळून बंद केलेलं, आत नळी, खाली छोटी तोटी. तेल आधी लोट्यात यायचं, तिथं थांबायचं, पाणी आणि गाळ खाली बसायचा, मग पुढे जायचं.

फेब्रुवारीत साहेब काम पाहायला आले. नव्या राज्याची तयारी सगळीकडे चालली होती, त्यांना घाई होती. नावेत चढले, इकडेतिकडे पाहिलं, आणि लोट्यापाशी थांबले.

"हे काय आहे?"

"गाळनी हाय साहेब."

"कंपनीनं गाळणी दिली आहे ना? नकाशात हे कुठं आहे? वरचे लोक पाहायला येतील, नावेत लोटा बघून हसतील. काढून टाका हे."

मिस्त्री हातातला पाना पुसत उभे होते. त्यांच्या पुसायच्या चिंध्याही ते धुऊन, वाळवून, घडी करून ठेवत. ती चिंधी त्यांनी घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मले काढा. लोटा राहू द्या."

साहेब लाल झाले. रोजंदारीचा माणूस, त्याला काढायला कागदही लागत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी, आयुष्यात एकदाच, बरी गोष्ट केली. मी म्हणालो, "साहेब, वर लाकडी खोकं बसवून घेतो. दिसणार नाही." साहेब उतरून गेले. लोटा राहिला. खोकंही बसवलं.

होळीच्या सुमाराला सगळं जुळलं. शेवटचं काम टाकीच्या तोंडाचं होतं. तेल ओतायच्या तोंडात मिस्त्रींनी पितळी जाळीची गाळणी बसवली, तिच्यात लोकरी फेल्टचा गोल तुकडा. मी ओळखलं. त्यांनी टोपी कापली होती. गाळणीच्या कडेला चार रिव्हेट मारले. आता ती निघणार नव्हती. तेल ओतलं की तिच्यातूनच जाणार, हळूहळू, आपल्या गतीनं. घाई करणाऱ्याचं तेल वरून सांडणार.

रिव्हेट ठोकून झाल्यावर ते टाकीवर हात ठेवून बसले. आम्ही दोघंच होतो. किसन दोर वळत लांब बसला होता.

"आता कोनीबी भरो, बाबू," ते म्हणाले. "कसंबी भरो. घान अंदर जानार नाही."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. माझ्याकडे पाहिलंही नाही. एवढं बोलून ते हातोडी पेटीत ठेवायला उठले. मी नावेच्या काठाला धरून उभा राहिलो. तो सगळा हिवाळा, ती नऊ दिवसांची रेष, तो लोटा, ती उतरत्या बुडाची टाकी, हे सगळं या माणसानं माझ्यापासून नाव वाचवायला केलं होतं. आणि त्यासाठी मला एक शब्द बोलला नव्हता.

त्या पावसाळ्यात नाव एकदाही बंद पडली नाही. पहिला पूर आला तेव्हा मिस्त्री नेहमीसारखे नदीकडे पाठ करून उभे राहिले. इंजिनाचा आवाज मलासुद्धा कळू लागला होता. जड, एकसारखा, न अडखळणारा. नाव पलीकडे लागली. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि वळून मला विचारलं, "चहा हाय काय बाबू?"

मला तो आवाज सहन होत नसे. नाव जितकी नीट चाले, तितकं मला जड होई. कार्तिकात मला बदलीचा हुकूम आला, वणीकडचा. जायच्या आधी एका दुपारी मिस्त्री बाभळीखाली बसून चिंध्या वाळवत होते, तिथं मी गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, ते तेल मी भरलं होतं. न गाळता. बुडातलं."

त्यांनी मान वर केली नाही. "मालूम हाय."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"काय बोलाचं? तुमी ल्हान होते. नवकरी नवी. आन टाकी त माहीच होती ना. मी पाह्यली असती त सापडलं असतं. त्याच्यात झूट काही नाही." एक चिंधी त्यांनी झटकली. "पन मले कायले सांगता, बाबू? मले त पयलेच मालूम होतं. सांगाचं असन त त्याले सांगा."

कोणाला, हे विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नावेतून पलीकडे गेलो. फुलसिंगचा तांडा घाटापासून दोन कोस. चालत गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होतो. तांड्यावर त्याच्या घरासमोर एक म्हातारी कापसातून सरकी काढत बसली होती. त्याची आई. नावेत ओरडत होती ती हीच, हे मला तिचा आवाज ऐकल्यावर कळलं.

"फुलसिंग नाही," ती म्हणाली. "गाडी घेऊन गेला. दोन दिसांनं येईन. तुमी सरकारी हा काय?"

"हो."

"काही सांगाचं हाय काय त्याले?"

ती माझ्याकडे वर मान करून पाहत होती. तिच्या हातातल्या कांकणांच्या रांगा कोपरापर्यंत होत्या. अंगणात कुणी नव्हतं. सांगायला ती तर होतीच. तिचीच सून होती.

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

तिनं मला पाणी दिलं. ते पिऊन मी निघालो, आणि तांडा मागे पडताच मला जे वाटलं ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. हलकं वाटलं. तो भेटला नाही, यात आपला काय दोष, असं मी मनाशी म्हणत चाललो.

पुढे तिथं पूल झाला. नाव काठावर उलटी पडून राहिली आणि ते इंजिन कुणाच्या तरी विहिरीवर ऊस पिकवायला गेलं, असं किसननं मला एकदा वणीला भेटला तेव्हा सांगितलं. मिस्त्री गेले ते मला त्याच वेळी कळलं. फुलसिंगची आणि त्यांची पुढे कधी गाठ पडली का, हे किसनला विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पण तांड्यावर गेलो त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मी अलीकडच्या काठाला उतरलो, तेव्हा मिस्त्री माझी वाट पाहत उभे होते. पहिल्यांदाच नदीकडे तोंड करून.

"भेटला?"

"भेटला," मी म्हणालो.

"काय म्हने?"

आता मागे फिरता येत नव्हतं. "म्हणाला, झालं ते झालं, बाबू. तुम्ही आलात, बरं केलं."

 मिस्त्रींनी गळ्यातल्या मफलरनं डोळे पुसले. "मोठं कालीज हाय बावा त्याचं," ते म्हणाले. माझा हात धरला आणि सोडला नाही. "चला. आज घरी जेवाचं. नाही म्हनू नोका."

चार वर्षांत त्यांनी मला कधी घरी बोलावलं नव्हतं. सायकलच्या मागे बसवून उमरखेडला नेलं. दोन खोल्यांचं घर, सारवलेली जमीन, दारात पुदिन्याची कुंडी. त्यांच्या बायकोनं दालचा, ज्वारीची भाकर आणि कांदा वाढला. मिस्त्री स्वतः जेवले नाहीत. समोर मांडी घालून बसले आणि माझ्याकडे पाहत राहिले. सख्खा मुलगा परगावाहून आला की बाप पाहतो, तसं.

"खा, बाबू. आज पोटभर खा."

मी खाल्लं. चार कोस चालून आलो होतो, भूक लागलीच होती. दाराआडून त्या माउलीनं विचारलं, "और लाऊं क्या, बेटा?"

मी ताट पुढे केलं.